सिंगल शॉट रायफल: काडतूस आधी, रायफल नंतर

ऑक्टोबर उजाडला की ओहायोतल्या ओळखीच्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. बहुतेकांचा प्रश्न एकच: "रायफल घेतलीय, आता गोळ्या कुठल्या आणू?" म्हणजे गाडी तिथेच उलटी लागलेली असते. आमच्यातल्या एकाने सवलतीत मिळाली म्हणून .३०८ काडतुसाची सुंदर सिंगल शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस बसणारी, रायफल घेतली आणि हंगामाच्या आठवडाभर आधी त्याला कळलं की ओहायोत हरणासाठी ती चालतच नाही. दुसऱ्याने स्वस्तातल्या काडतुसांवर नेम जुळवला आणि शिकारीला नेताना वेगळ्याच कंपनीची महागडी काडतुसं भरली. हरीण पोटात लागलं. अंधार पडेपर्यंत आम्ही चौघं रक्ताचा माग काढत फिरलो, ते सापडलं नाही. मी त्या चौघांत होतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे.

लेख दुकानात मिळणाऱ्या फॅक्टरीच्या काडतुसांपुरता आहे. घरी काडतुसं भरणं हा वेगळा अभ्यास आहे आणि पहिले दोन-तीन हंगाम तरी त्यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उदाहरणं ओहायोतली आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाची आहेत. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, तिथे यातलं काहीही लागू नाही.

आधी तीन शब्द वेगळे करून घेऊ, कारण मराठीत आपण सगळ्यालाच "गोळी" म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नळीतून बाहेर जाते ती गोळी. मागे उरते ती पितळी पुंगळी. गोळी, पुंगळी, दारू आणि बुडाची टोपी मिळून होतं ते काडतूस. दुकानात आपण काडतूस विकत घेतो आणि रायफल ठरावीक काडतुसासाठीच बनलेली असते. गोळीचा व्यास सारखा असला म्हणून काडतूस बदलून चालत नाही.

टप्पा १: कागद आधी

एच-१बी, एल-१, एफ-१ असा बिगर-स्थलांतरित व्हिसा असेल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. ही मनाई विकत घेण्यापुरती नाही. मित्राची रायफल रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, हातात घेतली तरी ते बाळगणंच ठरू शकतं. म्हणून आधी परवाना, मग रेंज. परवान्याची मुदत संपू देऊ नका आणि तो कायम जवळ ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. तुमच्या कागदपत्रांत काही गुंतागुंत असेल तर वकिलाला विचारा, दुकानदाराला नको.

ओहायोत पहिला शिकार परवाना काढण्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो उरकून टाकायची गोष्ट समजू नका, चालू वर्षाची नियमपुस्तिका हाताशी ठेवून करा.

*तपासणी:* परवाना हातात आहे? यंदाची नियमपुस्तिका वाचली? दोन्हीला "हो" म्हणता येत नसेल तर टप्पा २कडे जाऊ नका.

टप्पा २: काडतूस ठरवा

ओहायोच्या गन सीझनमध्ये रायफल वापरायची तर काडतुसाची पुंगळी सरळ भिंतीची हवी आणि कॅलिबर, म्हणजे गोळीचा इंचांतला व्यास, .३५७ ते .५० यांच्या दरम्यान हवं. ही मुभाही २०१४पासूनची आहे. बाटलीसारखी मान असलेली .३०८, .२४३, .३०-०६, ६.५ क्रीडमूर ही सगळी काडतुसं इथे हरणासाठी बाद. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथला नियम वेगळा असेल, तो तिथल्या पुस्तिकेत पाहा.

सिंगल शॉटमध्ये सहज मिळणारे तीन पर्याय असे:

.३५० लेजेंड: २०१९मध्ये आलेलं काडतूस. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी फॅक्टरीच्या आकड्यानुसार सेकंदाला साधारण २,३०० फुटांनी निघते. धक्का सौम्य. नवशिक्यासाठी, सडपातळ बांध्याच्या माणसासाठी आणि दीडशे यार्डांच्या आतल्या शिकारीसाठी मी डोळे झाकून हेच सुचवतो.

.४५० बुशमास्टर: २५० ग्रेनची गोळी, वेग २,२०० फुटांच्या आसपास. ताकद भरपूर, पण अडीच-तीन किलोच्या हलक्या सिंगल शॉटमधून खांद्याला चांगलाच दणका बसतो.

.४५-७०: १८७३चं काडतूस, अजून जोरात चालू. गोळी जड आणि संथ, म्हणून लांबवर ती झपाट्याने खाली येते. याला बुडाशी काठ असतो. बिजागरीवर दुमडणाऱ्या, म्हणजे ब्रेक ॲक्शन रायफलीत पुंगळी ओढून काढायला तो काठ फार उपयोगी पडतो.

काठाचा मुद्दा थोडा उलगडून सांगतो, कारण सिंगल शॉट घेताना याचा विचार क्वचितच होतो. .३५० लेजेंड आणि .४५० बुशमास्टर ही बिनकाठाची काडतुसं चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकतात. त्या कडेला काजळी किंवा पितळेचा कीस साचला की काडतूस पुरतं आत बसत नाही आणि रायफल बंद होताना अडते. त्यातच पुंगळी काढणारी लहानशी स्प्रिंगची पट्टी मळकट असेल, तर थंडीत बोटं बधिर झालेली असताना पुंगळी आतच अडकून बसते. बिनकाठाचं काडतूस घेऊ नका असं मी म्हणत नाही. घेतलंत तर चेंबर साफ ठेवायची जबाबदारी दुप्पट, एवढंच.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे गरजेपेक्षा मोठं काडतूस घेणं. हरणाच्या हृदय-फुप्फुसाचा भाग साधारण आठ इंच व्यासाचा असतो. .३५० लेजेंडची गोळी तिथे बसली तर काम होतं. .४५० पोटात बसली तर होत नाही. धक्क्याच्या भीतीने डोळे मिटून चाप ओढणारी धडधाकट माणसं मी बरीच पाहिली आहेत. शक्य असेल तर ओळखीच्याच्या रायफलीतून तिन्हींचे तीन-तीन बार काढून पाहा आणि मगच रायफल घ्या.

*इशारा:* .४५-७०ची जुनी ट्रॅपडोर रायफल किंवा तिची प्रतिकृती कुणी दिली, तर जास्त दाबाची, फक्त आधुनिक रायफलींसाठी असलेली काडतुसं तीत घालू नका. डब्यावर तसं छापलेलं असतं. शंका वाटली तर बंदूक आधी गनस्मिथला दाखवा.

टप्पा ३: एकच काडतूस, एकच लॉट

डब्यावर चार गोष्टी वाचायच्या: काडतुसाचं नाव, गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गोळीचा प्रकार आणि लॉट नंबर, म्हणजे काडतूस कारखान्यात कुठल्या खेपेत बनलं त्याचा क्रमांक. हरणासाठी फुलणारी गोळी हवी. पूर्ण धातूचं कवच असलेली सरावाची गोळी आरपार जाते, पुरेशी जखम करत नाही आणि जनावर हाल होऊन मरतं. ती कागदापुरती ठेवा.

शिसं की तांबं, हेही आत्ताच ठरवा. शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे मांसात पसरतात. ते मांस घरात लहान मुलं खाणार असतील तर मी तांब्याचीच गोळी घेतो, महाग पडली तरी. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या काडतुसांवर १ जुलै २०१९पासून पूर्ण बंदीच आहे.

आधी दोन वेगवेगळ्या प्रकारांचा एक-एक डबा आणा. तुमच्या नळीला त्यातला कुठला मानवतो ते टप्पा ६मध्ये कळेल. कळलं की त्याच प्रकाराचे, एकाच लॉटचे वीस-वीसचे तीन-चार डबे घेऊन ठेवा. नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबलात तर नेमकं तेच दुकानातून संपलेलं असतं.

*इशारा:* दुसऱ्याने घरी भरलेली काडतुसं वापरू नका, देणारा कितीही जवळचा असला तरी. आत काय आणि किती आहे, हे फक्त भरणाऱ्याला ठाऊक असतं. चूक झाली तर रायफल तुमच्या गालाला लागून फुटते.

टप्पा ४: रायफल तपासा, स्कोप बसवा

रायफल उघडा. चेंबर रिकामं आहे ते डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालून चाचपा. मग नळीवर कोरलेलं काडतुसाचं नाव मोठ्याने वाचा आणि डब्यावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. हा शाळकरी प्रकार वाटेल, पण बऱ्याच सिंगल शॉट रायफलींच्या नळ्या बदलता येतात. दस्ता तोच, नळी दुसरी, आणि हाताला सवय पहिल्या डब्याची. चुकीचं काडतूस असंच आत जातं.

नळी आणि चेंबर कोरडं पुसा. चेंबरमध्ये तेल राहिलं तर पुंगळीची भिंतीवरची पकड सुटते आणि धक्क्याचा जास्त भार रायफलीच्या बंदावर, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या भागावर, येतो. साठवताना तेलाचा हात ठीक, पण बार काढण्याआधी सगळं कोरडं हवं.

आता स्कोप. बऱ्याच ब्रेक ॲक्शन रायफलींत स्कोप थेट नळीवर बसतो. त्याचा फायदा असा की नळी काढून परत लावली तरी स्कोप आणि नळीचं नातं बदलत नाही. क्रम असा ठेवा:

१. बेसचे, म्हणजे स्कोपखालच्या पट्टीचे, स्क्रू आणि त्यांची भोकं स्पिरिटने पुसून तेलमुक्त करा. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारा चिकटद्रव) फक्त बेसच्या स्क्रूंना, थेंबभर.
२. बेस घट्ट करा, पण अंदाजाने नको. इंच-पाउंड दाखवणारा टॉर्क ड्रायव्हर वापरा आणि आकडा बेससोबत आलेल्या कागदावरून घ्या.
३. रिंगमध्ये, म्हणजे स्कोप धरणाऱ्या कड्यांत, स्कोप सैल ठेवा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. मान पुढे-मागे करावी लागत असेल तर मान नको, स्कोप सरकवा. अंगावर जे जाड जॅकेट घालून शिकारीला जाणार, तेच घालून हे करा.
४. डोळा आणि स्कोप यांत साडेतीन-चार इंच अंतर हवं. .४५०ला यात कंजुषी केली तर भुवई फुटते.
५. आडवी रेघ सपाट करून रिंगचे स्क्रू आलटून-पालटून, थोडे-थोडे आवळा.

बाहेरचा घोडा असलेल्या रायफलीवर स्कोप लागला की घोड्यापर्यंत अंगठा नीट पोचत नाही. बाजूला येणारी घोड्याची छोटी जोडपट्टी मिळते, ती लावून घ्या. मग घरी रिकाम्या रायफलीत स्नॅप कॅप, म्हणजे खोटं काडतूस, घालून घोडा चढवणं आणि सावकाश उतरवणं पन्नास वेळा करा, हातमोजे घालूनही. खरं काडतूस आत असताना घोडा निसटणं हा या रायफलींमधला नेहमीचा अपघात आहे.

*तपासणी:* पुढचा लाकडी किंवा प्लास्टिकचा हाताळा नळीला ज्या स्क्रूने धरलेला असतो तो घट्ट आहे का? तो ढिला असेल तर कागदावरची भोकं विखुरतात आणि माणूस महिनाभर काडतुसांना दोष देत बसतो.

टप्पा ५: पंचवीस यार्ड

थेट शंभर यार्डांवर सुरुवात करू नका. पहिला बार कागदावरच लागत नाही, मग कुठे सरकवायचं ते कळत नाही आणि अर्धा डबा मातीत जातो.

स्कोप नळीवरच बसलेला असेल तर एक सोय आहे. रायफल उघडून वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा, मागून नळीतून डोकावून निशाण मधोमध आणा आणि रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच निशाणावर आणा. मग एक बार काढा.

आता गणित. स्कोपच्या नेम सरकवायच्या खुंटीवर पाव एमओए (एमओए हे कोनाचं माप) लिहिलं असेल तर शंभर यार्डांवर चार क्लिक म्हणजे साधारण एक इंच. पंचवीस यार्डांवर त्याच एका इंचाला सोळा क्लिक लागतात. इथेच बहुतेक जण चार क्लिक फिरवतात आणि "स्कोप बिघडलाय" म्हणतात. समजा भोक दोन इंच खाली आणि एक इंच उजवीकडे आहे: ३२ क्लिक वर, १६ क्लिक डावीकडे. पुन्हा एक बार. गोळी फुलीवर किंवा अर्धा इंच खाली लागली की पंचवीस यार्डांचं काम संपलं.

*इशारा:* कान आणि डोळे झाकल्याशिवाय एकही बार नाही. चाप ओढला आणि नुसतं "खट्" झालं, तर नळी निशाणाकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबा, मग उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबा, रायफल रिकामी करा आणि नळीत गोळी अडकलेली नाही ना ते पाहा. अडकल्या गोळीमागे दुसरा बार काढला तर नळी फाटते.

टप्पा ६: शंभर यार्ड

रायफल टेकवताना पिशवी हाताळ्याखाली, बिजागरीच्या जवळ ठेवा आणि दर वेळी त्याच जागी. नळी कशालाही टेकता कामा नये. ब्रेक ॲक्शनमध्ये हाताळा नळीलाच जोडलेला असतो, त्यामुळे पिशवी चार बोटं पुढे सरकली तरी गोळी वेगळीकडे लागू शकते. रायफल बंद करतानाही दर वेळी सारखीच बंद करा, कधी हळूच कधी खाडकन असं नको.

तीन बार एकाच जागी नेम धरून काढा. मधे खुंटीला हात लावू नका. दोन बारांमध्ये चार-पाच मिनिटं थांबा, नळी उघडी ठेवा, हात लावून गार झाली का ते पाहा. हलक्या सिंगल शॉटची नळी बारीक असते, लवकर तापते आणि तापली की भोकं सरकू लागतात. तीन भोकांचा मध्य काढा आणि त्या मध्यावरून दुरुस्ती करा. एका भोकावरून दुरुस्ती करणारा माणूस दिवसभर स्वतःच्याच चुकांमागे धावतो.

दोन्ही प्रकारांची काडतुसं अशीच तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत तपासा. ज्याची तीन भोकं दोन इंचांत येतात ते हरणासाठी पुरेसं आहे. चमचाभर चांगलं निघेल म्हणून सात प्रकार आणत बसू नका. एक निवडा आणि दुसऱ्याचा उरलेला डबा सरावाला वेगळ्या पिशवीत ठेवा.

मग एकदा दोनशे यार्डांवर जाऊन गोळी किती खाली येते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. शंभरला जुळवलेलं .३५० लेजेंड तिथे साधारण सात-आठ इंच खाली लागतं, ३०० ग्रेनचं .४५-७० फूटभर. आठ इंचांच्या लक्ष्यासाठी याचा अर्थ काय होतो, ते कागदावरची भोकंच सांगतात.

टप्पा ७: थंड नळीचा पहिला बार

रेंजवरचा सहावा बार जंगलात कामाचा नाही. तिथे नळी थंड असते आणि बार एकच असतो. म्हणून एक कागद घडी घालून बॅगेत ठेवा. रेंजवर गेलात की सगळ्यांत आधी तो लावा, थंड नळीतून एकच बार काढा, भोकाशेजारी तारीख लिहा, कागद परत बॅगेत. पाच-सहा खेपांनंतर त्या कागदावर जे दिसतं तेवढाच तुमचा खरा नेम.

नंतर टेबल सोडा. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या टेकूवर पन्नास आणि शंभर यार्डांवर सराव करा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या आठ इंची कागदी थाळीत बसतात ती तुमची हद्द. माझी काठ्यांवरची हद्द १२० यार्ड आहे, तीही वारा नसताना.

धक्क्याला बिचकता का, हे तपासायला मित्राला सोबत घ्या. तो तुमच्या नकळत कधी खरं काडतूस भरेल, कधी स्नॅप कॅप. खोट्यावर चाप ओढताना नळीचं टोक खाली झुकलं की उत्तर मिळालं. मग आठवडाभर फक्त स्नॅप कॅपवर सराव.

टप्पा ८: हंगामाच्या आदल्या दिवशी आणि मचाणावर

जी दहा काडतुसं न्यायची ती रेंजवर एक-एक करून चेंबरमध्ये बसवून बाहेर काढा. रायफल सहज बंद होते का, काडतूस सहज निघतं का ते पाहा. हे घरात करायचं नाही. त्यातलं एखादं अडलं तर ते बाजूला काढा.

दुसरं काडतूस कुठे ठेवायचं ते ठरलेलं हवं. दस्त्यावर चढवायची कापडी पट्टी मिळते, ती सर्वांत बरी. खिशात किल्ल्यांसोबत काडतूस ठेवलं की ऐन वेळी किल्ल्याच हातात येतात. बार काढला की नजर हरणावर ठेवून, न बघता पुंगळी काढून दुसरं भरायचं. हेही घरी स्नॅप कॅपवर बसवून घ्या.

मचाणावर चढताना-उतरताना रायफल रिकामी आणि उघडी, दोरीने वेगळी वर घ्यायची. भगवं जॅकेट अंगात हवंच, ओहायोत गन सीझनमध्ये ते सक्तीचं आहे.

हरीण समोर आलं आणि अंतर हद्दीबाहेर असेल तर घोडा चढवू नका. चढवल्यावर विचार बदलला तर नळी सुरक्षित दिशेला धरून, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसा घोडा उतरवा, रायफल उघडा, काडतूस बाहेर काढा आणि मग परत भरून बसा.

टप्पा ९: हंगाम संपल्यावर बॅग उलटी करा

शिकारीची बॅग, जॅकेट, पॅन्ट, सगळ्यांचे खिसे आणि अस्तर उलटं करून झटका. डिसेंबरात हंगाम संपतो आणि त्याच सुमाराला आपली मंडळी मुंबईला निघतात, बऱ्याचदा तीच बॅग घेऊन. भारतात परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस जवळ सापडलं तरी १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि "चुकून राहिलं" हे विमानतळावर नाही, पुढे कोर्टात सांगावं लागतं. रिकाम्या पुंगळ्याही आठवण म्हणून नेऊ नका. मी शिकारीची बॅग वेगळ्या रंगाची घेतली आहे आणि ती गॅरेजच्या बाहेर कधीच प्रवासाला जात नाही.